गिझरचा थेंब आणि खडकवासल्याचे दरवाजे

मोशी, चिखली, रावेत, पुनावळे, वाकड. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या भागांत उंच इमारतींची रांगच उभी राहिली. अशा इमारतीत खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना एक दृश्य चांगलं परिचयाचं असतं. सकाळी गिझर लावला की थोड्या वेळानं त्याच्या खालच्या बाजूला, गार पाण्याच्या जोडाजवळच्या पितळी व्हॉल्व्हमधून पाणी टपटपू लागतं. खाली बादली ठेवली जाते. चार दिवसांनी बादलीचा कंटाळा येतो. मग कुणीतरी त्या व्हॉल्व्हच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकतं, कुणी एम-सील लावतं, तर कुणी व्हॉल्व्हच काढून सरळ आटा जोडून टाकतं. गळती थांबते आणि सगळे खूश होतात.

तो थेंब थांबवणं किती धोक्याचं आहे, हे समजून घ्यायला एका माणसाचं आयुष्य उपयोगी पडेल. दरवर्षी १५ सप्टेंबरला आपण अभियंता दिन साजरा करतो, तो मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या वाढदिवशी. त्यांच्या तसबिरीला हार घालतो, भाषणं ऐकतो. पण पुण्याच्या परिसरात त्यांनी जे काम केलं त्याचा आपल्या न्हाणीघराशी काही संबंध असेल, असं मनात येत नाही. संबंध आहे, आणि तो पाण्याच्या दाबाचा आहे. आपण घरात ज्याला ‘प्रेशर’ म्हणतो तोच हा दाब.

विश्वेश्वरय्यांचा जन्म चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळीचा. जन्मवर्ष कुठे १८६०, तर कुठे १८६१ असं छापलेलं आढळतं. वडील संस्कृतचे शास्त्री, घरची स्थिती बेताची. वडील लवकर गेले. मुलानं शिकवण्या करून बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून १८८१ मध्ये पदवी घेतली आणि म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो पुण्याला आला, ते इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आजचं सीओईपी ते हेच. १८८३ मध्ये तिथली अभियांत्रिकीची परीक्षा तो पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झाला.

या कॉलेजची जागा मोठी बोलकी आहे. खडकवासल्याकडून येणारी मुठा आणि उत्तरेकडून येणारी मुळा यांचा संगम कॉलेजच्या जवळच होतो. पिंपरी-चिंचवडची पवना दापोडीपाशी मुळेला मिळते, म्हणजे आपल्या पवनेचं पाणीही याच संगमावरून पुढे जातं. विद्यार्थिदशेत तिथल्या काठावर वावरलेल्या या मुलाचं पुढचं जवळजवळ सगळं आयुष्य पाण्याला वळण लावण्यात गेलं.

१८८४ मध्ये मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नेमणूक झाली. पहिलं ठिकाण नाशिक. लवकरच खान्देशात, धुळ्याकडे, पांझरा नदीच्या खोऱ्यात काम आलं. पाटाचं पाणी पात्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर न्यायचं होतं, तेही पूल न बांधता पात्राखालून. म्हणजे एका बाजूनं नळ खाली उतरवायचा, तळाशी आडवा न्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं वर चढवायचा. अभियंते याला उलटा सायफन म्हणतात. काम निघालं ते पावसाळ्याच्या तोंडावर. नदीला पूर यायचा, वाळू वाहून यायची, खोदलेलं भरून जायचं. काम पावसाळ्यानंतरवर ढकलावं असं या तरुण अभियंत्याला वाटलं होतं, पण वरिष्ठांना ते रुचलं नाही. अखेर पावसातच काम रेटून त्यानं ते पुरं केलं. नोकरीच्या सुरुवातीलाच मिळालेला हा धडा त्यानं पुढे आठवणींच्या पुस्तकातही नोंदवला.

आपल्याला इथं त्या नळाचं पोट पाहायचं आहे. अशा नळात सर्वांत जास्त दाब सोसतो तो तळाचा, पात्राखालचा भाग. वरच्या दोन्ही टोकांना पाणी शांत असतं. दाब ठरतो तो फक्त डोक्यावर किती उंचीचं पाणी उभं आहे यावरून. हिशेब अगदी सोपा आहे. दर १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण १ किलो दाब वाढतो. प्लंबर ज्याला ‘एक किलो प्रेशर’ म्हणतात तो हाच, आणि यंत्रांवर लिहिलेला १ बार म्हणजेही जवळपास तेवढंच.

यात एक गोष्ट भल्याभल्यांना पटत नाही. टाकी मोठी असली म्हणून दाब वाढत नाही. गच्चीवर हजार लिटरची टाकी असो की पन्नास हजार लिटरची, पाण्याची पातळी एकाच उंचीवर असेल तर खालच्या नळाला दाब सारखाच मिळतो. सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल या फ्रेंच विद्वानानं हे नीट मांडून ठेवलं आहे. चाकणच्या कारखान्यांतले हायड्रॉलिक प्रेस जाड पत्रा पापडासारखा दाबतात, तेही पास्कलच्याच नियमावर. फरक एवढाच की तिथे दाब हवा असतो, आणि तो सोसेल असं पोलाद भोवती असतं.

आता हा हिशेब आपल्या इमारतीला लावू. बावीस मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जमिनीपासून सुमारे ७० मीटर उंच असतं. तिथून एकच नळ सरळ खाली आणला आणि मध्ये काहीच बसवलं नाही, तर तळमजल्यावर ७ किलो दाब येतो. विसाव्या मजल्यावर मात्र १ किलोही मिळत नाही. म्हणून वरच्या मजल्यावर शॉवर रडत असतो आणि खालच्या मजल्यावर जेट स्प्रे अंगावर धावून येतो. दोन्ही तक्रारी एकाच नळाच्या असतात. वरच्यांना दिलासा म्हणून गच्चीवर प्रेशर पंप बसवला जातो, आणि तो पंप खालच्या मजल्यांचा वेगळा विचार न करता जोडला असेल तर त्याचा दाबही खालच्यांच्या माथी बसतो.

घरातल्या वापराला दीड ते तीन किलो दाब भरपूर होतो. साडेपाच किलोच्या वर गेला तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे, असा दंडक अनेक देशांच्या प्लंबिंग नियमांत आहे. जास्त दाबानं नळ लगेच फुटतो असं नाही, तो हळूहळू दमतो. वॉश बेसिनखालची लवचीक कनेक्शन पाइप, फ्लशच्या टाकीतला व्हॉल्व्ह, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राची बारीक नळी, अशा कमकुवत जागा आधी हार मानतात. फ्लशची टाकी भरूनही आतल्या आत झिरपत राहते आणि आवाज न करता दिवसभर पाणी वाया जातं. पूर्ण उघडलेल्या नळातून बाहेर पडणारं पाणीही वाढतं. दाब दुप्पट झाला की पाणी दुप्पट होत नाही, साधारण १.४ पट होतं. पण रोजच्या भांडी घासण्यात आणि दाढी करण्यात तेवढंही बरंच असतं.

गरम पाण्याच्या नळाची गोष्ट अजून वेगळी. आपल्या घरांत आता बहुतेक ठिकाणी सीपीव्हीसीचे पिवळसर नळ असतात. ते गार पाण्यात भक्कम असतात, पण तापले की त्यांची दाब सोसण्याची ताकद घटते. साधारण ८२ अंश सेल्सिअसला ती गार असतानाच्या ताकदीच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर येते. गिझरचा थर्मोस्टॅट कमाल आकड्यावर ठेवून वर दाबही जास्त असेल, तर नळाच्या सांध्यांवर दोन्हीकडून ताण येतो.

खान्देशातून पुढे विश्वेश्वरय्यांना सिंधमध्ये सक्कर इथं धाडलं गेलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. शहराची पाणीयोजना अडली होती, ती त्यांनी १८९५ मध्ये तडीस नेली. त्यानंतर सुरत, मग पुणे.

साधारण याच काळात मॉस्कोत निकोलाय झुकोव्स्की नावाचा प्राध्यापक शहराचे पाण्याचे नळ का फुटतात याच्या मागे लागला होता. पुढे रशियन विमानविद्येचा जनक म्हणून त्याचं नाव झालं. १८९७-९८ मध्ये त्यानं लांबच लांब नळांवर प्रयोग करून दाखवलं, की वाहतं पाणी अचानक अडवलं तर त्याचा वेग क्षणात दाबात बदलतो, आणि तो दाब लाटेसारखा नळातून मागे-पुढे धावतो. लोखंडी नळात सेकंदाला १ मीटर वेगानं जाणारं पाणी एकदम थांबवलं तर नळातल्या मूळ दाबावर आणखी दहा-बारा किलोचा धक्का बसतो. प्लास्टिकच्या नळात तो निम्मा किंवा त्याहून कमी असतो, पण असतो. पाव फेऱ्यात बंद होणारी आजची तोटी, एका दांडीचा मिक्सर, वॉशिंग मशिनचा खटकन बंद होणारा विजेचा व्हॉल्व्ह, ही सगळी पाण्याला करकचून ब्रेक लावणारी साधनं आहेत. भिंतीत ‘ठक’ असा आवाज येतो तो याच धक्क्याचा. जुन्या चावीच्या तोट्या पाच-सहा फेऱ्यांत बंद व्हायच्या, त्यामुळे आपल्या आजोबांना हा आवाज फारसा ठाऊक नव्हता. दाब जास्त असला की पाण्याचा वेग वाढतो आणि वेग वाढला की धक्काही वाढतो.

पुण्यात विश्वेश्वरय्या १८९९ च्या सुमारास पाटबंधाऱ्यांचे कार्यकारी अभियंता झाले आणि खडकवासल्याचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. तेव्हाचं तिथलं तळं लेक फाइफ या नावानं ओळखलं जाई. पुणे शहर, छावणी आणि मुठेचे कालवे, सगळ्यांची तहान त्यावर. पावसाळ्यात सांडव्यावरून कित्येक फूट उंचीचा पाण्याचा थर वाहून जाई आणि उन्हाळ्यात तळं अपुरं पडे. भिंत उंच करा, असा सरळ उपाय कुणीही सुचवला असता. पण धरणाच्या भिंतीवरचा एकूण रेटा पाण्याच्या खोलीच्या वर्गानं वाढतो. खोली दुप्पट झाली की रेटा चौपट. जुन्या भिंतीवर तसा नवा भार टाकणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ.

विश्वेश्वरय्यांनी प्रश्न उलट्या बाजूनं पाहिला. पुराच्या वेळी पाणी सांडव्यावरून काही फूट चढतच होतं आणि भिंत ते सोसतच होती. तेव्हा त्याच रेषेपर्यंतचं पाणी पूर ओसरल्यावरही धरून ठेवलं, तर भिंतीला तिनं आधी न सोसलेलं असं काहीच सोसावं लागणार नाही. अट एकच होती. पूर आला की अडवलेली जागा पाण्याला तत्काळ मोकळी मिळायला हवी, कारण रेषेच्या वरचं पाणी भिंतीला झेपणारं नव्हतं.

पूर रात्री येतो, तुफान पावसात येतो. पहारेकऱ्याला जाग येईल, तो चिखलातून पोचेल, गंजलेलं चाक फिरेल, या भरवशावर शहर ठेवता येत नाही. म्हणून त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. दरवाजे वजनांनी तोललेले होते आणि त्यांना हलवणारी शक्ती पाण्याच्या पातळीतूनच येई. पाणी ठरल्या रेषेवर गेलं की तोल फिरे आणि दरवाजे उघडत. पातळी उतरली की ते आपोआप मिटत. ना माणूस, ना इंजिन. १९०३ पर्यंत ते कामाला लागले आणि भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली. या रचनेचं पेटंट त्यांच्या नावावर झालं, पण आपल्याच खात्यातल्या कामाचं मानधन घ्यायला त्यांनी नकार दिला. तशाच धर्तीचे दरवाजे पुढे म्हैसूरच्या कृष्णराजसागर धरणावरही बसले.

आता पुन्हा गिझरकडे येऊ. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेलं की ते साधारण दीड टक्क्यानं फुगतं. म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे मिलिलिटर, मोठा पेलाभर पाणी जास्तीचं तयार होतं. पूर्वी ते गार पाण्याच्या नळातून उलटं सरकून टाकीकडे जायचं. आज गिझरच्या तोंडाशी पाणी मागे न जाऊ देणारा एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. म्हणून फुगलेल्या पाण्याला जागाच उरत नाही, आणि पाणी दाबलं जात नसल्यामुळे आतला दाब भराभर चढतो. मूळचा दाब ७ किलो असेल तर गिझरची मर्यादा फार दूर नसते. साठवणीच्या बऱ्याच गिझरवर ८ बार हा आकडा छापलेला असतो, काहींवर त्याहून कमी. अशा वेळी तो पितळी व्हॉल्व्ह थोडा उघडतो, चार थेंब सोडतो आणि दाब उतरला की मिटतो.

खडकवासल्याचा दरवाजाच तो, अंगठ्याएवढा. त्याच्या तोंडात खुंटी ठोकणं म्हणजे पुराच्या रात्री सांडव्याचे दरवाजे वितळजोड करून बंद करण्यासारखं आहे. थर्मोस्टॅट चालू असेपर्यंत काही बिघडत नाही, आणि म्हणूनच लोकांना वाटतं की काही बिघडलं नाही. थर्मोस्टॅट अडकला आणि जास्तीच्या तापमानाला वीज तोडणारं दुसरं साधनही निकामी झालं, तर बंद भांड्यात पाणी शंभर अंशांच्या पुढे जातं. भांडं फाटलं की त्या पाण्याची क्षणात वाफ होते. गिझर फुटून माणसं जखमी झाल्याच्या, दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येतात, त्यामागचं भौतिकशास्त्र हेच.

तेव्हा गिझर तापत असतानाच थोडं ठिबकत असेल तर व्हॉल्व्ह आपलं काम करतो आहे. त्याला एक बारीक नळी लावून ती मोरीत सोडावी. नळीचं दुसरं टोक मात्र कायम उघडं राहिलं पाहिजे. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तर एकतर व्हॉल्व्हमध्ये क्षार साचले आहेत किंवा इमारतीचा दाबच जास्त आहे. दाब मोजायचं घड्याळ प्लंबरकडे असतं. ते नळाला लावून आकडा पाहायला पाच मिनिटं लागतात. पाहावा तो रात्री उशिरा, सगळ्यांचे नळ बंद असताना, कारण तेव्हाच दाब सर्वांत जास्त असतो. न्हाणीघरात लहान मूल किंवा वृद्ध माणूस असेल तर आणखी एक पथ्य पाळायला हवं. गार आणि गरम पाण्याच्या दाबात मोठा फरक असला की दुसऱ्या कुणी नळ उघडताच शॉवरमधलं पाणी अचानक पोळण्याइतकं गरम होऊ शकतं. थर्मोस्टॅट थोडा खाली ठेवला की भाजण्याची भीती बरीच कमी होते.

इमारतीच्या डक्टमध्ये मजल्यांचे गट पाडून दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, त्यांना सगळे पीआरव्ही म्हणतात. त्यांच्या आत एक स्प्रिंग आणि एक पडदा असतो. पुढचा दाब वाढला की पडदा सरकून वाट अरुंद करतो, दाब उतरला की वाट मोकळी होते. इथंही माणूस लागत नाही, म्हणून माणसं त्याला विसरून जातात. त्याच्या जाळीत गाळ अडकतो, पडदा फाटतो, आणि खालच्या चार मजल्यांवर एकाच महिन्यात नळ्या फुटू लागल्या की तो आठवतो. लिफ्टची दरवर्षी तपासणी करणाऱ्या सोसायट्या पीआरव्ही कुठे आहेत हे सांगू शकत नाहीत, हा माझा अनुभव. (एका सोसायटीत तर तो शोधायला डक्टमधली कबुतरांची घरटी काढावी लागली.)

खडकवासल्याच्या कामाबरोबरच विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या बाजूच्या कालव्यांवर आणखी एक पद्धत बसवली. नीरेच्या कालव्यावर वरच्या बाजूचे शेतकरी वाटेल तेवढं पाणी घेत, त्यांच्या जमिनी पाणथळ होत आणि टोकाच्या गावांना थेंब मिळत नसे. त्यांनी जमिनीचे गट पाडले, पिकं आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्या. ब्लॉक पद्धत म्हणून ती प्रसिद्ध झाली. जवळच्याला भरमसाट आणि लांबच्याला कोरडं, हे दुखणं शहराच्या नळांनाही जुनंच आहे.

पिंपरी-चिंचवडचं बरंचसं पाणी पवना धरणातून नदीत सोडलं जातं, रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचललं जातं, निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं आणि शहरभरच्या उंच टाक्यांतून वाटलं जातं. २०१९ च्या नोव्हेंबरपासून ते दिवसाआड येतं. रिकाम्या नळात पाणी सोडलं की आधी आतली हवा रेटली जाते आणि पहिली काही मिनिटं दाब उसळ्या मारतो. नळ खाकरतो, तोटी उडते, मीटर हवेवरही फिरतो. रस्त्याखालच्या नळाला चिरा पडतात त्याही अशा उसळ्यांनी. टाकीच्या जवळच्या, सखल भागातल्या घरांना दाब जास्त, चढावरच्या टोकाच्या घरांना पाणीच नाही. मग टोकाची घरं थेट नळाला मोटर लावतात. हे नियमबाह्य आहेच, पण आरोग्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे. मोटर पाणी ओढते तेव्हा नळातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि ज्या चिरेतून काल पाणी बाहेर जात होतं त्याच चिरेतून आज आजूबाजूच्या ड्रेनेजचं पाणी आत शिरतं. जुलाब, विषमज्वर आणि कावीळ यांना यापेक्षा सोपी वाट नाही. पाणी आल्यावर सुरुवातीचं गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये, असं आया सांगत आल्या, त्यात तथ्य आहे.

१९०१ मध्ये विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याचे सॅनिटरी इंजिनिअर, म्हणजे पाणीपुरवठा आणि सांडपाण्याचे अभियंता, झालेले होते. त्यामुळे या दोन्ही नळांचं शेजारपण त्यांना पुरेपूर माहीत असणार. १९०६ मध्ये एडनला जाऊन त्यांनी तिथल्या याच दोन प्रश्नांवर अहवाल दिला. १९०८ मध्ये मुदतीआधीच सरकारी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुरानं हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजामानं त्यांना बोलावून घेतलं. पुढची म्हैसूरची वर्षं सर्वज्ञात आहेत. तिथं ते मुख्य अभियंता झाले, १९१२ पासून दिवाण, आणि त्याच काळात कृष्णराजसागर उभं राहू लागलं. १९५५ मध्ये भारतरत्न मिळालं.

आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. १९३० च्या दशकात, सत्तरी ओलांडलेल्या विश्वेश्वरय्यांनी भारतात मोटारींचा कारखाना निघावा म्हणून ध्यास घेतला होता. त्यासाठी युरोप-अमेरिकेतले कारखाने पाहून आराखडा केला. वालचंद हिराचंद त्यात होते, आणि १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली ती त्याच खटपटीतून. या कंपनीचा एक कारखाना पुढे चिंचवडला आला. आज चाकणला गाड्यांचे कारखाने ओळीनं उभे आहेत. तिथली माणसं रात्रपाळी करून मोशी-चिखलीच्या ज्या इमारतींत परततात, तिथल्याच नळांबद्दल आपण बोलत आहोत.

शंभरीपर्यंत त्यांची प्रकृती ठणठणीत होती. मोजकं खाणं, रोजचं चालणं, वेळेची कडक शिस्त. त्यांच्याबद्दल एक ऐकीव गोष्ट नेहमी सांगितली जाते, की आगगाडीत बसलेले असताना रुळांचा आवाज बदललेला ओळखून त्यांनी साखळी ओढली आणि पुढे रूळ उखडलेला निघाला. खरी असो वा नसो, नळाच्या बाबतीत कान उपयोगी पडतात हे नक्की. तोटी बंद करताना ठक झालं, रात्री सगळं शांत असताना फ्लशच्या टाकीतून बारीक सूं सूं आलं, तोटी अर्धी उघडताच शिटी वाजली, तर दाब तपासायला लावावा. तोपर्यंत मुख्य कॉक थोडा आवळल्यानं वाहत्या पाण्याचा जोर कमी होतो. पण नळ बंद असताना उभा राहणारा दाब त्यानं एक किलोनंही उतरत नाही. अनेकांची इथं फसगत होते. गावाला जाताना कॉक पूर्ण बंद करूनच जावं.

१२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेत धरण फुटलं. अजून पुरं न झालेल्या त्या धरणाचं सगळं पाणी खडकवासल्याच्या तळ्यात कोसळलं. विश्वेश्वरय्यांनी ज्या रेषेचा हिशेब केला होता तिच्या कितीतरी वर ते चढलं. इतकं पाणी कुठल्याच सांडव्यातून गेलं नसतं. जुनी भिंत काही तास तग धरून राहिली. त्या तासांत कित्येक माणसं नदीकाठ सोडून निघाली, आणि मग दुपारच्या सुमारास ती फुटली. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. तेव्हा विश्वेश्वरय्या बंगळूरला होते, शंभरी गाठलेले, हयात. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा बांधली गेली आणि पुण्याला आजही तिथूनच पाणी येतं.